टीएच, गॅड, चॅट: उंदराच्या मेंदूत एन्झाइमांचा नकाशा कसा काढायचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं बी.फार्म. नाहीतर झूऑलॉजी करून मेंदूच्या संशोधनाकडे वळतात, आणि गाईड पहिल्याच महिन्यात म्हणतात, "टीएचचं स्टेनिंग लावून बघ." टीएच म्हणजे डोपामिन बनवण्याच्या वाटेवरचं एक एन्झाइम. छापील प्रोटोकॉल हातात येतो. पण त्यातली एकेक पायरी का आहे, आणि शेवटी काचेवर दिसणाऱ्या तपकिरी रंगावरून नेमकं काय म्हणता येतं, हे कुणी बसून सांगत नाही. ते इथे सांगतो. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीला एकदम इंग्रजीत पडलेल्यांना सगळे शब्द ओळखीचे वाटावेत म्हणून लॅबमध्ये जसं बोलतो तसंच लिहिलं आहे.

आधी, एन्झाइमच का शोधायचं?

डोपामिन, सेरोटोनिन, अ‍ॅसिटिलकोलिन हे रेणू फार लहान. मेंदू काढून, धुऊन, काप करेपर्यंत ते जागेवर टिकवणं अवघड असतं. १९६२ मध्ये फाल्क आणि हिलार्प यांनी फॉर्मल्डिहाइडची वाफ देऊन हे रेणू चमकवण्याची पद्धत काढली. डोपामिन-नॉरअ‍ॅड्रेनलिन हिरवं चमकायचं, सेरोटोनिन पिवळं. त्याच पद्धतीने डालस्ट्रोम आणि फुक्से यांनी १९६४ मध्ये उंदीरवर्गातल्या घुशीएवढ्या रॅटच्या मेंदूत पेशींचे गट पाडले: ए१ ते ए१२, आणि सेरोटोनिनचे बी१ ते बी९. आजही आपण 'ए९', 'ए१०' म्हणतो ते तिथूनच आलं आहे.

पुढे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या अँटिबॉडी आल्या आणि रेणूऐवजी तो बनवणारं प्रथिन शोधायची सोय झाली. प्रथिन मोठं असतं, फॉर्मल्डिहाइडने जागच्या जागी बांधलं जातं, हलत नाही. टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, म्हणजे टीएच, टायरोसिनचं एल-डोपा करतं. डोपामिनकडे जाणाऱ्या वाटेवरची ही सगळ्यात संथ पायरी, म्हणून नकाशासाठी तिचाच मान मोठा.

पण टीएच दिसलं म्हणजे डोपामिन दिसलं असं नव्हे. खडेबाजारातल्या मिठाईवाल्याची कढई दिसली म्हणजे आज कुंदा झालाच आहे असं होत नाही, तसंच हे. टीएच पेशीत असूनही झोपलेलं असू शकतं. त्याच्यावर फॉस्फेट चढला आहे का, टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हा सहघटक पुरेसा आहे का, यावर त्याचं काम ठरतं. हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट केंद्रकात (इथे केंद्रक म्हणजे पेशींचा पुंजका) तर अशा पेशी आहेत ज्यांत टीएच आहे पण पुढचं, एल-डोपाचं डोपामिन करणारं एएडीसी हे एन्झाइम नाही. त्या एल-डोपापर्यंतच जातात. उलट एएडीसी आहे आणि टीएच नाही अशाही पेशी मेंदूत सापडतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा. थीसिसमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

कोणतं एन्झाइम कशासाठी

टीएच डोपामिनच्या पेशीत असतं तसं नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिनच्या पेशीतही असतं, कारण तिघांची सुरुवात एकच. म्हणून मध्यमेंदूतल्या सबस्टान्शिया नायग्रात टीएच दिसलं तर ते डोपामिनचं धरता येतं, पण लोकस सेरुलियसमध्ये (ए६) दिसलं तर ते नॉरअ‍ॅड्रेनलिनचं. संशय असेल तिथे डोपामिन बीटा हायड्रॉक्सिलेज, म्हणजे डोपामिनचं नॉरअ‍ॅड्रेनलिन करणारं डीबीएच, जोडीला लावा. टीएच आणि डीबीएच दोन्ही आले तर पेशी डोपामिनवर थांबलेली नाही. त्यापुढे पीएनएमटी हे एन्झाइमही आलं तर अ‍ॅड्रेनलिन, आणि ते मेड्युलातल्या सी१सारख्या गटांत भेटतं.

सेरोटोनिनसाठी ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज घ्यायचं, पण दोन नंबरचं. टीपीएच१ हे प्रामुख्याने आतड्यात आणि पिनिअल ग्रंथीत. मेंदूतल्या राफे, म्हणजे सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचं टीपीएच२ आहे हे २००३ मध्ये कळलं. जुन्या अँटिबॉडीच्या बाटलीवर नुसतं 'टीपीएच' लिहिलेलं असेल तर ती कशावर बसते ते आधी विचारा. आणखी एक: टीएच आणि टीपीएच एकाच घराण्यातली प्रथिनं आहेत, त्यामुळे ढिसाळ अँटिबॉडी एकीकडून दुसरीकडे घसरू शकते. राफेमध्ये टीएच भरभरून दिसायला लागलं तर आनंद होण्याआधी शंका घ्या.

अ‍ॅसिटिलकोलिनसाठी कोलिन अ‍ॅसिटिलट्रान्सफरेज, म्हणजे चॅट. इथे जुन्या लोकांची एक सवय अजून दिसते: अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेजचा रंग लावायचा आणि त्याला 'कोलिनर्जिक नकाशा' म्हणायचं. तो रंग स्वस्त आहे, देखणा आहे, पण ते एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलिन तोडणारं आहे, बनवणारं नाही. ज्या पेशीवर अ‍ॅसिटिलकोलिन येऊन पडतं तिच्यातही ते असतं. निपाणीच्या तंबाखूमुळे आपल्याकडे निकोटिनवर काम करायची हौस बऱ्याच जणांना असते. त्यांनी हेही लक्षात घ्यावं की निकोटिन ज्यावर बसतं तो रिसेप्टर वेगळा आणि चॅट वेगळं. चॅटच्या नकाशावरून रिसेप्टर कुठे आहेत हे कळत नाही.

गाबासाठी ग्लुटामेट डीकार्बॉक्सिलेज, म्हणजे गॅड, आणि इथे नवख्याची फसगत ठरलेली. गॅड६५ आणि गॅड६७ अशी दोन आहेत, दोन वेगळ्या जीन्सची. गॅड६५ बहुतेक तंतूंच्या टोकांत जमतं, गॅड६७ पेशीभर पसरलेलं असतं. गॅड६५ची अँटिबॉडी लावली तर सगळीकडे ठिपकेच ठिपके दिसतात आणि पेशी रिकाम्या. 'स्टेनिंग बिघडलं' म्हणून मुलं अँटिबॉडी फेकून देतात, आणि ती तर आपलं काम चोख करत असते. पेशीच मोजायच्या असतील तर गॅड६७ घ्या, किंवा सोय असेल तर इन सीटू हायब्रिडायझेशनने त्याचा आरएनए शोधा.

हिस्टामिनसाठी हिस्टिडिन डीकार्बॉक्सिलेज. हायपोथॅलॅमसच्या मागच्या टोकाला ट्युबेरोमॅमिलरी केंद्रकात त्याच्या पेशी एकवटलेल्या असतात. नायट्रिक ऑक्साइडसाठी तर अँटिबॉडी नसली तरी चालतं: एनएडीपीएच आणि नायट्रोब्लू टेट्राझोलियम घातलं की व्यवस्थित फिक्स केलेल्या मेंदूत त्या पेशी निळ्या होतात. पैसे कमी असलेल्या कॉलेजात हात बसवायला यासारखी पद्धत नाही. ग्लुटामेटला मात्र असं सरळ एन्झाइम नाही. ग्लुटामिनेज सगळीकडेच सापडतं, त्याच्या मागे लागू नका.

कागद आधी, प्राणी नंतर

१९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली सीसीएसईए ही समिती आहे; पूर्वी सीपीसीएसईए म्हणायचे. संस्थेची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची, आयएईसीची, मंजुरी असल्याशिवाय एकाही उंदराला हात लावायचा नाही. अर्ज 'फॉर्म बी'वर करतात. त्यात किती प्राणी आणि इतकेच का, हे लिहावं लागतं. प्रत्येक संस्थेत प्राणीघर नसतं. बेळगावात वैद्यकीय आणि फार्मसी कॉलेजं आहेत, आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे. पलीकडे धारवाड आणि कोल्हापूर ही विद्यापीठांची गावं. नोंदणीकृत प्राणीघर असलेल्या संस्थेशी रीतसर सहकार्य करून काम लावता येतं.

भूल देण्यासाठी केटामिन वापरणार असाल तर ते शेड्यूल एक्समधलं औषध आहे. कुलूपबंद कपाट आणि थेंबाथेंबाची नोंदवही लागते. डोस मंजूर प्रोटोकॉलमध्ये असतो तोच, पशुवैद्यकाला विचारून.

प्राणीघर सांभाळणारे काका बहुधा कन्नड बोलणारे असतात आणि कोणता पिंजरा सुस्त आहे हे त्यांना पीएचडीवाल्याआधी कळतं. दोन शब्द कन्नड शिकून त्यांच्याशी बोला. तुमचा डेटा सुधारेल.

परफ्यूजन: नकाशा इथेच ठरतो

परफ्यूजन म्हणजे हृदयातून द्रव सोडून रक्त धुऊन काढायचं आणि मेंदू जागच्या जागी फिक्स करायचा. त्यासाठीचं फिक्सेटिव्ह, पॅराफॉर्मल्डिहाइड, आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी करा. ४ टक्के, ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये. पाणी ६० अंशांपर्यंत तापवायचं, त्यापुढे नाही. पावडर टाकल्यावर ढगाळ दिसतं, सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब पडले की स्वच्छ होतं. गाळा, गार करा, पीएच ७.४ वर आणा. हे सगळं फ्यूम हूडमध्ये. हूड बंद आहे म्हणून खिडकी उघडून करणारे असतात. त्यांचे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरतात.

प्राणी खोल भुलीत गेला आहे याची पंजा चिमटून खात्री करा. छाती उघडा, सुई डाव्या वेंट्रिकलमध्ये, आणि उजव्या एट्रियमला छेद. आधी सलाइन, मग पॅराफॉर्मल्डिहाइड. रॅटला साधारण २०० मिली सलाइन आणि ३०० ते ४०० मिली फिक्सेटिव्ह. माउसला २०–३० मिली आणि ४०–५० मिली. इथे नजर यकृतावर ठेवायची. गडद तांबूस यकृत एका कडेपासून फिकट व्हायला लागतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत उकडलेल्या रंगाचं होतं. तसं झालं तर रक्त निघालं. यकृत डागाडागांचं राहिलं आणि नाकातून पाणी यायला लागलं तर सुई पलीकडे सेप्टममधून (हृदयाच्या मधल्या पडद्यातून) गेली आहे आणि द्रव फुफ्फुसाकडे चालला आहे. सुई किंचित मागे घ्या. फिक्सेटिव्ह सुरू झाल्यावर अंग थरथरतं, मग शेपूट आणि मान ताठ होते. ती ताठ झाली नाही तर मेंदू मऊच निघणार.

रक्त आत राहिलं तर काय बिघडतं? लाल पेशींमध्ये स्वतःची पेरॉक्सिडेजसारखी क्रिया असते. पेरॉक्सिडेजमुळे तपकिरी होणारं डीएबी हे रसायन शेवटी घातल्यावर त्याही तपकिरी होतात, आणि प्रत्येक केशवाहिनी 'पॉझिटिव्ह' दिसते.

मेंदू रात्रभर त्याच फिक्सेटिव्हमध्ये ४ अंशांवर, मग ३० टक्के साखरेच्या द्रावणात बुडेपर्यंत. साखर म्हणजे सुक्रोज, लॅबवालं. माउसचा मेंदू एक-दोन दिवसांत तळाशी जातो, रॅटचा जास्त वेळ घेतो. आठवडाभर फिक्सेटिव्हमध्ये विसरलेला मेंदू मात्र अँटिबॉडीला दाद देत नाही. सायट्रेट बफरमध्ये ८० अंशांवर अर्धा तास ठेवून काही वेळा वाचवता येतं, नेहमी नाही.

काप

क्रायोस्टॅट किंवा फ्रीझिंग मायक्रोटोम, ४० मायक्रोमीटर, कोरोनल. कापायच्या आधी एका बाजूला, कॉर्टेक्सच्या कडेला, बारीक सुईने आरपार भोक पाडा आणि वहीत लिहा: भोक म्हणजे उजवी. ब्रशवर तरंगणारा काप उलटा झाला की डावं-उजवं कळत नाही, आणि एकाच बाजूला ६-हायड्रॉक्सिडोपामिन (डोपामिनच्या पेशी मारणारं विष) दिलेल्या प्राण्यात तर हाच सगळा मुद्दा असतो.

२४ खणांची प्लेट घ्या. पहिला काप पहिल्या खणात, दुसरा दुसऱ्यात, सहावा सहाव्यात, सातवा पुन्हा पहिल्यात. असे सहा संच होतात आणि प्रत्येक संचात दर २४० मायक्रोमीटरला एक काप, अख्ख्या मेंदूभर. एक संच टीएचला, एक डीबीएचला, एक क्रेसिल व्हायोलेटला (सगळ्याच पेशी दाखवणारा साधा रंग), बाकी राखीव. एकाच प्राण्यातून सहा प्रश्न विचारता येतात. आयएईसीला प्राण्यांची संख्या पटवून देताना हेच सांगा.

रंग चढवणं

तरंगत्या कापांवर काम करा. दोन्ही बाजूंनी अँटिबॉडी आत जाते.

बफरने धुवा. ०.३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिनिटं, पेशींचं स्वतःचं पेरॉक्सिडेज मारायला. पुन्हा धुवा. मग ब्लॉकिंग: ५ टक्के सीरम, ०.३ टक्के ट्रायटन, तासभर. सीरम कुणाचं? प्राथमिक अँटिबॉडी थेट एन्झाइमवर बसते, दुय्यम त्या प्राथमिकवर; ही दुय्यम ज्या प्राण्यात बनवली त्याचं. सशातल्या टीएच अँटिबॉडीवर शेळीतली दुय्यम लावणार असाल तर शेळीचं. पण चॅटची प्राथमिक अँटिबॉडी बऱ्याचदा शेळीतलीच असते. तिथे शेळीचं सीरम घातलं तर दुय्यम अँटिबॉडी सगळ्या सीरमवरच जाऊन बसते आणि काच आख्खी तपकिरी होते. गाढवातली दुय्यम आणि गाढवाचं सीरम घ्या. गाय आणि शेळी जवळची असल्याने बीएसएनेही (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) इथे त्रास होऊ शकतो.

प्राथमिक अँटिबॉडी रात्रभर ४ अंशांवर, हलत्या शेकरवर. कंपनीने लिहिलेलं प्रमाण आंधळेपणाने घेऊ नका; १:५००, १:१०००, १:२०००, १:५००० अशी चार प्रमाणं लावा आणि पार्श्वभूमी स्वच्छ राहून पेशी ठळक दिसतात ते धरा. दुसऱ्या दिवशी बायोटिनवाली दुय्यम, मग एबीसी, म्हणजे बायोटिनला चिकटणारं पेरॉक्सिडेजचं मिश्रण. एबीसीचं मिश्रण वापरायच्या अर्धा तास आधी करून ठेवावं लागतं. ऐन वेळी केलं तर रंग फिका येतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बफरला बुरशी लवकर येते म्हणून त्यात सोडियम अझाइड टाकायची पद्धत आहे. साठवणीच्या बफरला ठीक. पण एबीसीच्या पायरीत अझाइड आलं की पेरॉक्सिडेज बंद पडतं आणि सगळं बरोबर करूनही काच पांढरी राहते. अझाइडच्या बाटलीवर लाल मार्करने लिहा.

आता डीएबी. ०.०५ टक्के, त्यात अगदी थोडं पेरॉक्साइड. पांढऱ्या टाइलवर खण ठेवा आणि उघड्या डोळ्यांनी बघत राहा. टीएच असेल तर एक-दोन मिनिटांत मध्यमेंदूच्या कापात खालच्या बाजूला दोन तपकिरी पंख उमटतात: सबस्टान्शिया नायग्रा, आणि त्यांच्या मध्ये व्हीटीए (व्हेंट्रल टेगमेंटल एरिया). पुढच्या कापांत स्ट्रायटम सरसकट गडद होतं, पेशींशिवाय, कारण तिथे तंतू आहेत. कॉर्टेक्स पिवळसर व्हायला लागला की थांबा, गार बफरमध्ये टाका. किती मिनिटं लागली ते लिहा आणि त्या तुकडीतल्या प्रत्येक प्राण्याला तितकाच वेळ द्या. कंट्रोलला तीन मिनिटं आणि उपचारवाल्याला पाच, असं झालं तर रंगाची तुलना संपली.

डीएबी कर्करोगकारक असण्याचा संशय आहे. हातमोजे घाला, सिंकमध्ये ओतू नका, घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये.

खरं कशावरून?

प्राथमिक अँटिबॉडी न लावलेला खण प्रत्येक वेळी असायलाच हवा. पण तो फक्त दुय्यम अँटिबॉडीबद्दल सांगतो. प्राथमिक भलत्याच प्रथिनावर बसली तर त्याला पत्ता लागत नाही. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ते जीन काढून टाकलेल्या माउसचा मेंदू, आणि तो इथे कुणाकडे सहज नसतो. मग वेस्टर्न ब्लॉट करा: टीएच ६० किलोडाल्टनच्या आसपास एकच पट्टी दाखवायला हवं. शिवाय मेंदूच स्वतःचा कंट्रोल असतो. टीएचला सबस्टान्शिया नायग्रा. गॅडला थॅलॅमसचं रेटिक्युलर केंद्रक, जिथल्या जवळपास सगळ्या पेशी गाबाच्या. चॅटला कवटीतल्या मोटर नसांची केंद्रकं. ही ठिकाणं उमटली नाहीत तर इतर कुठे काय उमटलं याला अर्थ नाही. अँटिबॉडीचा कॅटलॉग नंबर, लॉट नंबर आणि आरआरआयडी (रिसर्च रिसोर्स आयडेंटिफायर, म्हणजे ओळख क्रमांक) वहीत लिहून ठेवा. लॉट बदलला की प्रमाण पुन्हा ठरवा.

कुठे आहोत ते ओळखणं

रॅटसाठी पॅक्सिनोस आणि वॉटसन यांचा अ‍ॅटलास, माउससाठी अ‍ॅलन इन्स्टिट्यूटचा इंटरनेटवरचा मोफत अ‍ॅटलास. पण रॅटचा अ‍ॅटलास प्रौढ विस्टार नरांवर आधारलेला आहे आणि माउसचे अ‍ॅटलास सी५७ब्लॅक६ जातीवर. आपल्या फार्मसी कॉलेजात स्विस अल्बिनो माउस असतो. त्याचे ब्रेग्मापासूनचे (कवटीवरच्या खुणेपासूनचे) मिलिमीटर अ‍ॅटलासशी तंतोतंत जुळतील असं धरू नका. आकडा न बघता खुणा बघा: हिप्पोकॅम्पसचा आकार, अ‍ॅक्विडक्ट, तिसऱ्या नसेचे तंतू. ते तंतू व्हीटीए आणि नायग्राच्या मधून खाली उतरतात, म्हणून हद्द आखायला चांगले. शेजारच्या संचातला क्रेसिल व्हायोलेटचा काप बाजूला ठेवून हद्द आखा. टीएचच्या रंगावरूनच टीएचची हद्द आखली तर पेशी मेलेल्या प्राण्यात केंद्रकच आकसलेलं दिसेल. फोटो अ‍ॅटलासवर बसवायला क्विकएनआयआय (QuickNII), मोजायला फिजी आणि क्युपाथ, सगळं मोफत.

मोजताना एकच पेशी दोन कापांत अर्धी-अर्धी येते. दर सहावा काप घेतल्याने सलग दोन काप मोजण्याची वेळ येत नाही, पण मोठ्या पेशी जास्त कापांत दिसण्याचा पक्षपात राहतोच. आकडा 'मेंदूतल्या एकूण पेशी' म्हणून द्यायचा असेल तर स्टिरिऑलॉजी, म्हणजे कापांवरून एकूण संख्येचा अंदाज काढायची पद्धत, शिका. नाहीतर 'प्रति काप' म्हणा आणि तिथेच थांबा.

पावसाळ्याचे किरकोळ त्रास

खानापूरच्या बाजूला धो धो सुरू झालं की बेळगावातली हवाही चिंब. जिलेटिन लावलेल्या काचांवर चढवलेले काप दोन दिवस वाळत नाहीत आणि तसेच अल्कोहोलमध्ये टाकले की सुटून तरंगतात. ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवा. शुद्ध अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं. बरणीचं झाकण सैल राहिलं तर शेवटी झायलिन दुधी होतं आणि डीपीएक्सखाली (कापावर काच चिकटवायच्या द्रवाखाली) धुकं. अल्कोहोल बदला, काप परत मागे आणा.

अँटिबॉडी पुणे किंवा बेंगळुरूहून येते. ऑर्डर अशी द्या की पार्सल सोमवारी-मंगळवारी निघेल. शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारभर कुठल्यातरी गोदामात पडून राहतं. आली की लगेच छोट्या भागांत वाटून ठेवा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या घरगुती फ्रीझरमध्ये ठेवू नका, त्यात तापमान सारखं वरखाली होतं. वीज जाते त्या भागात लॅब असेल तर फ्रीझर इन्व्हर्टरवर आहे का, हे अँटिबॉडी मागवण्याआधी विचारा.

लिहिताना

निकालात 'टीएच-इम्युनोरिअ‍ॅक्टिव्ह पेशी' लिहा. 'डोपामिनर्जिक' हा शब्द नायग्रा-व्हीटीएसारख्या ठिकाणी, किंवा एएडीसी आहे आणि डीबीएच नाही हे दाखवल्यावरच. सह्याद्रीतल्या वनस्पतींचा अर्क देऊन टीएच वाढलं असं दिसलं, तर 'डोपामिन वाढलं' असं लिहू नका; त्यासाठी एचपीएलसीने डोपामिन आणि डोपॅक (डोपामिन तुटून बनणारा रेणू) मोजावं लागतं. टीएच कमी झालं तरी पेशी मेल्या की फक्त एन्झाइम घटलं, हे शेजारच्या क्रेसिल व्हायोलेटच्या कापात पेशी मोजून बघा. बाह्य परीक्षक व्हायव्हात नेमकं हेच विचारतात.

उरलेले संच ग्लिसरॉल आणि एथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणात उणे २० अंशांवर ठेवा. प्लेटच्या झाकणावर नव्हे, प्लेटच्या अंगावर प्राणी क्रमांक, संच आणि तारीख लिहा, कारण झाकणं अदलाबदल होतात. असे काप बराच काळ टिकतात, आणि जर्नलच्या रिव्ह्यूअरने डीबीएच मागितलं तर नवा प्राणी न घेता राखीव खण उघडता येतो.